तळ्यावरची सतरंजी

"बाबा, माझ्या शाळेतले मुलगे आणि मुली, दोन्ही, तीन दिवस विस्कॉन्सिनला जाऊन गोठलेल्या तळ्यावर तंबूत बसून मासे धरणार आहेत, तर मी जाऊ का?"

उत्तराने हे सगळं एका श्वासात विचारलं आणि वरणभाताचा एवढा मोठा घास तोंडात कोंबला की पुढची दोन मिनिटं कुणी उलट प्रश्न विचारला तरी तिला उत्तर देता येऊ नये. प्रश्न तिचा होता, पण त्याचे नियम डेबीने आणि बाकीच्या मैत्रिणींनी शाळेत लॉकरपाशी घालून दिले होते. जेवणाच्या टेबलावर, समोरासमोर विचारायचं. आधी आईला गाठून तिच्याकरवी विचारायचं नाही. आणि 'मुलगे' हा शब्द गाळायचा नाही. "यू विल नेव्हर डू इट," असं डेबी म्हणाली, तिथेच सगळं संपलं. असं कुणी म्हटल्यावर उत्तरा टिपणीस मागे हटते की काय!

"मुलगे?" आई म्हणाली.

"तंबू?" बाबा म्हणाले.

"अहो, ती मुलगे म्हणाली."

"ऐकलं मी. पण मुलगे काही वाऱ्याने उडून जात नाहीत, मालिनी. तंबू जातो. कापडाचा आहे का गं? फ्रेम कसली?"

एकनाथ टिपणीस टेलिफोनच्या लॅबमध्ये इंजिनिअर होते, आणि जगातल्या कुठल्याही संकटाकडे ते आधी त्याच्या फ्रेमपासून बघत. मालिनीबाई मात्र सरळ मुद्द्याकडे बघत. आणि मुद्दा असा होता, की नेपरव्हिलमधल्या सहा-सात मराठी घरांतली एकही मुलगी आजवर रात्री घराबाहेर राहिलेली नव्हती. राहिलीच तर दुसऱ्या मराठी घरात, आणि तेही तिथल्या काकूंच्या खोलीत. उत्तरा सोळा वर्षांची होती. मागच्या वर्षीची उत्तरा असती तर तिने हे विचारलंच नसतं, घरच्या घरी मनात 'नाही' म्हणून घेतलं असतं. पण या वर्षी तिच्या दातांची तार निघाली होती, वादविवादात तिने सीनियर मुलाला गप्प केलं होतं आणि आपला आवाज मोठा आहे हे तिला आवडायला लागलं होतं. तिला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं.

बाबांनी स्वयंपाकघरातल्या पिवळ्या फोनवरून थेट जीवशास्त्राच्या ओल्सन सरांना फोन लावला. शाळेच्या मासेमारी क्लबची ही सहल तेच नेणार होते. सर म्हणाले, काळजी कसली, दोन आठवड्यांनी शनिवारी गावाबाहेरच्या तळ्यावर सराव आहे, तुम्हीही या, हवं तर स्वतःचा तंबू घेऊन या, बघा कसं असतं ते.

"ठरलं," बाबा फोन ठेवत म्हणाले. "आपण सगळे जायचं. तिथे सगळं नीट झालं तर फॉर्मवर सही."

"आणि नाही झालं तर?" उत्तराने विचारलं.

"मी निवडलेल्या तंबूत? न व्हायला काय झालं?"

घरात बाबांची निवड म्हणजे एक मोठं प्रस्थ होतं. साधा टोस्टर घ्यायला त्यांना चार महिने लागले होते आणि तोवर सगळे तव्यावर पाव भाजायला शिकले होते. तंबूसाठी त्यांनी आलेखाच्या कागदावर रकाने आखले. वजन, उभारायला लागणारी मिनिटं, वाऱ्याचा जोर, कापडाची जाडी. मग तीन दुकानं पालथी घातली. पहिला तंबू म्हणजे प्लायवूडची घडीची खोलीच होती, ती मोटारीच्या टपावर चढवायला चार माणसं लागली असती. दुसरा बाबागाडीच्या टपासारखा घसरगाडीवर उलटा पडणारा होता. त्यात आईने बसून बघितलं आणि ती म्हणाली, "यात पाय कुठे पसरायचे? गुडघे काय डोक्यावर घ्यायचे?" तिसरा जाड निळ्या कापडाचा, नळ्यांच्या सांगाड्यावर ताणायचा होता. त्याला तळ नव्हता. खाली बर्फच. चारी बाजूंनी परकराला असावी तशी हातभर रुंद झालर होती, आणि तो बर्फात पक्का करायला चार लांब लोखंडी स्क्रू मिळत होते.

"थ्री मेन," विक्रेता म्हणाला.

बाबांनी विक्रेत्याच्या देहाकडे एकवार पाहिलं आणि मराठीत आईला म्हणाले, "असले तीन. म्हणजे आपले पाच."

आणि पाच बसतात म्हटल्यावर तिघांनीच कसं जायचं? घरी आल्याबरोबर बाबांनी त्र्यंबककाकांना फोन केला. काका मूळचे नागपूरचे, हाडांचे डॉक्टर. माशाचं नाव काढलं की ते स्वतःच्या लग्नातूनही उठून आले असते. शरयूकाकू म्हणाल्या, मी सतरंजी आणते, आपली गणपतीची. आई म्हणाली, मी पोहे आणि दोन थर्मास भरून चहा करते. उत्तराने उशीत तोंड खुपसलं. तिच्या मैत्रिणींच्या घरची माणसं तळ्यावर मासे धरायला जात. तिच्या घरची माणसं तळ्यावर राहायला निघाली होती.

शनिवारी सकाळी नऊला तळ्यावर ऊन होतं, वारा नव्हता. बर्फ किती जाड आहे हे बाबांनी स्वतः मोजलं. नऊ इंच निघाला. बाबांना आठ हवे होते, त्यामुळे ते एका इंचाने खूष झाले. दोनशे फुटांवर ओल्सन सर आणि शाळेची मुलं होती. लाल टोपीतली डेबी दोन्ही हात हलवत होती.

"आई, मी जाऊ तिकडे?"

"आधी घर लागू दे," आई म्हणाली.

घर! उत्तराने टोपी डोळ्यांपर्यंत खाली ओढली.

तंबू बाबांनी अकरा मिनिटांत उभा केला, रकान्यात बारा लिहिली होती. मग ते लोखंडी स्क्रूची पिशवी घेऊन वाकले, तर त्र्यंबककाका म्हणाले, "काहून कंबर मोडून राहिला बे, एकनाथ? ही झालर आत दुमड, वरून सतरंजी टाक, अन् आपण पाच जण काठाकाठाने बसू. माणसापेक्षा पक्का खुंटा असतो का?"

बाबांनी मनातल्या मनात पाच जणांचं वजन केलं. मग काकूंकडे बघून त्यात थोडी सभ्य वजाबाकी केली. मग वाऱ्याचा जोर काढला. "भरपूर आहे," ते म्हणाले आणि पिशवी बाजूला ठेवली. गणित अगदी बरोबर होतं. त्यात फक्त कुणी उठेल हे धरलेलं नव्हतं.

"बाबा, क्लबच्या कागदावर लिहिलंय की स्क्रू लावायचेच."

"ते त्यांच्यासाठी गं. ते तीनच असतात."

मधे भोकापुरती जागा मोकळी सोडून सतरंजी कडेकडेने अंथरली गेली. लाल-निळ्या पट्ट्यांची, आठ वर्षं प्रत्येक गणपतीला सगळ्यांच्या बुडाखाली असलेली. उत्तरा आत शिरायला वाकली तोच आईचा आवाज आला, "बूट?"

"आई! इट्स आइस! खाली बर्फ आहे!"

"म्हणून बुटांनी सतरंजीवर यायचं? अन्न ठेवायचंय तिथे. काढ."

त्यावर वाद नव्हता. पाच जोड दाराबाहेर एका ओळीत लागले, हळदीकुंकवाच्या घरी लागतात तसे. काकांचे होडीएवढे, काकूंचे आतून लोकरीचे, बाबांचे, आईचे आणि उत्तराचे चंदेरी, फुगीर 'मून बूट', जे घ्यायला तिने दोन महिने हट्ट केला होता.

मग बाबांनी आणि काकांनी भल्यामोठ्या गिरमिटाने तंबूच्या मधोमध भोक पाडलं. भोकातून बर्फाचा भुगा आणि पाणी भसाभसा वर आलं. आईने पिशवीतून हातझाडू काढला. घर म्हटलं की केर आलाच, आणि केर म्हटला की तो दाराबाहेर काढायचा, आत ठेवायचा नाही. तिने तो सगळा पाणेरी लगदा दोन-चार फटकाऱ्यांत दारातून नीट बाहेर लोटून दिला.

"आता कसं स्वच्छ वाटतं," काकू म्हणाल्या.

पाचही जण भोकाभोवती होमाला बसावं तसे मांडी घालून बसले, पाठी कापडाला टेकून. गळ सोडला. छोटी शेगडी पेटवली, वरची खिडकी उघडी ठेवली. आईने टॉवेलात गुंडाळलेला पोह्यांचा मोठा डबा उघडला आणि ओल्या नारळाचा, कोथिंबिरीचा वास तंबूभर पसरला. मासा काही आला नाही. काकांनी मात्र भोकाकडे बघत सुरमईपासून सुरुवात केली आणि ते बोंबलापर्यंत आले. साडेदहाला वारा सुटला. कापड फुगायला लागलं, नळ्या कुरकुरल्या, पण तंबू जागचा हलला नाही.

"बघ," बाबा उत्तराला म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला होता, की उत्तराला वाटलं, सही झाल्यातच जमा आहे. सोमवारी फॉर्म द्यायचा. डेबीच्या नाकासमोर नाचवून द्यायचा. आणखी एक तास नीट जायला हवा होता. फक्त एक तास.

तेवढ्यात बाहेर बर्फावर कर्रकर्र पावलं वाजली.

"कोण आहे गं?"

उत्तराने फटीतून बघितलं. "ओल्सन सर."

"अगं बाई, सर!" आई म्हणाली. "उठा, उठा! सर आले!"

दाराचा पडदा बाजूला झाला आणि लोकरी टोपीतला एक मोठा, लालबुंद, हसरा चेहरा आत आला. पाचही जण अर्धवट उठलेले बघून तो गडबडला. "ओ, प्लीज! प्लीज डोन्ट गेट अप!"

आता 'उठू नका' असं पाहुण्याने, त्यातून मास्तराने म्हटल्यावर कुठला मराठी माणूस बसून राहील? जे अर्धे उठले होते ते पूर्ण उठले. आणि नुसते उठले नाहीत, तर काठ सोडून दोन पावलं पुढे झाले, हात जोडून.

"नमस्ते, सर," काकू म्हणाल्या.

तंबू तेवढ्याचीच वाट बघत होता. आधी मागची झालर सतरंजीखालून सुळकन निसटली. मग एक मोठा फडफडाट झाला, जणू कुणी डोक्यावरची चादर ओढली, आणि सगळीकडे एकदम ऊनच ऊन झालं. सरांची टोपीही तंबूबरोबर गेली.

छप्पर गेल्यावर माणसाला पहिल्यांदा कळतं, की आपण आत होतो. विस्तीर्ण पांढऱ्या तळ्याच्या मधोमध, लाल-निळ्या पट्ट्यांच्या सतरंजीवर, एका भोकाभोवती, पाच माणसं पायमोज्यांवर उभी होती आणि पाचांचेही हात जोडलेले होते. तळ्यावरचा प्रत्येक माणूस वळून त्यांच्याकडे बघत होता.

"पोहे झाका," आई म्हणाली.

"माझा तंबू!" बाबा ओरडले आणि धावत सुटले.

ऑफिसचे तपकिरी मोजे बर्फावर काय धावणार! ते निम्मे धावत होते आणि निम्मे घसरत होते. पण वारा पाठीमागून होता, त्यामुळे वेग जबरदस्त होता. तंबू कोलांट्या मारत उत्तरेच्या टोकाकडे चालला होता. उत्तराच्या डोळ्यांसमोर क्लबचा कागद आला. तो तिने इतक्यांदा वाचला होता की तिला पाठ होता. उत्तरेला ओढा येऊन मिळतो. तिथे पाणी वाहतं. तिथे बर्फ पातळ असतो. लाल निशाणांच्या पुढे जायचं नाही.

बाबा लाल निशाणांपासून वीस पावलांवर होते.

"बाबा!" उत्तरा ओरडली. वादविवादाच्या स्पर्धेतला आवाज याच्यापुढे काहीच नव्हता. "खाली बसा! आत्ताच्या आत्ता खाली बसा!"

त्या घरात बाबांना 'खाली बसा' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आजीसुद्धा 'बसतोस का रे' म्हणायची. पण बाबा बसले. बसल्या बसल्या आणखी सहा फूट घसरले आणि निशाणांच्या अलीकडे थांबले.

"उठू नका! पुढे पातळ आहे! तसेच मागे या, सरकत!"

आणि एकनाथ टिपणीस, लॅबमधल्या अकरा जणांचे साहेब, रांगायला न शिकलेलं बाळ सरकतं तसे बुडावर सरकत मागे आले. कुणी हसलं नाही. ओल्सन सरांनी धरून ठेवलेला श्वास सोडला आणि ते उत्तराकडे बघून म्हणाले, "एक्झॅक्टली राइट."

तोवर इकडे दुसराच प्रसंग उभा राहिला होता. आई बुटात पाय घालायला गेली तर पाय आत गेला, पण बूट उचलेना. काकूंचाही उचलेना. काकांनी आपला एक जोड दोन्ही हातांनी धरून, हाड बसवतात तसा हिसका दिला आणि ते स्वतःच पाठीवर आडवे झाले. दहाच्या दहा बूट टाचेपर्यंत काचेसारख्या कडक बर्फात गच्च बसले होते.

"बुटांजवळ पाणी ओतलं कुणी?" आई चिडून म्हणाली.

सगळे सतरंजीवर पडलेल्या तिच्या झाडूकडे बघायला लागले.

"मला काय माहीत ते गोठेल म्हणून!" आई म्हणाली. मग तिने चहूकडे पसरलेल्या मैलभर बर्फाकडे पाहिलं आणि झाडू उचलून पिशवीत घातला.

मोज्यांतून थंडी आता चावायला लागली होती. उत्तराने काही विचारलं नाही. ती वाकली, दोन्ही थर्मास उचलले आणि पहिल्याचं झाकण काढलं.

"अगं अगं, तो चहा आहे! आलं घालून केलाय!"

"आई, बाजूला हो. काका, मी ओतते, तुम्ही हलवा. हळू, हिसका नको. काकू, सतरंजीवरून खाली पाय ठेवायचा नाही. बाबा आले की त्यांचे मोजे काढा आणि पाय टॉवेलात गुंडाळा. चोळू नका."

आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. वाफाळलेला चहा बुटांच्या कडेने ओतला गेला, बर्फ तपकिरी झाला, कुरकुरला आणि सुटला. पहिले निघाले ते काकांचे. उत्तराने आपल्या चंदेरी बुटांकडे एकदा बघितलं, मग काकांच्या होड्यांत पाय घातले आणि फताक फताक करत निघाली. वाटेत डेबी येऊन मिळाली. दोघी सरळ गेल्या नाहीत, काठाकाठाने वळसा घेऊन गेल्या. तंबू टोकाच्या पाणकणसांत अडकून पडला होता, एक नळी वाकली होती आणि सरांची टोपी आतच होती.

"ही सॅट," डेबी धापा टाकत म्हणाली. "यू टोल्ड युअर डॅड टु सिट, अँड ही सॅट! माय डॅड वुड नेव्हर!"

"माझेपण नाही बसत," उत्तरा मराठीतच म्हणाली. मग तिने वाकलेली नळी धरली आणि ती तंबू ओढायला लागली.

परत आल्यावर दोघींनी चारही स्क्रू बर्फात पिळून बसवले. या वेळी पिशवी काकांनीच धरली. शाळेची मुलं, मुलगे आणि मुली, दोन्ही, मदतीला म्हणून आली आणि पोह्यांना म्हणून थांबली. ओल्सन सर तीनदा वाढून घेत म्हणाले, सहलीत दोन मोठी माणसं कमी पडताहेत, मिस्टर आणि मिसेस टिपणीस सोबत का येत नाहीत? हे ऐकून बाबांचे डोळे असे चमकले की उत्तराच्या हातातला चमचा थांबला.

घरी जाताना मोटार उत्तराने चालवली. लायसन्स मिळून तिला तीनच आठवडे झाले होते आणि आजवर तिला लायब्ररीच्या पलीकडे कुणी जाऊ दिलं नव्हतं. पण बाबांच्या पायांची बोटं अजून बधिर होती आणि आईला गाडी येत नव्हती. दोघं मागच्या सीटवर एका ब्लँकेटमध्ये बसले होते. बाबांनी गुडघ्यावर फॉर्म ठेवून न वाचता सही केली.

"आता गं कसली काळजी," बाबा म्हणाले. "आपण सगळेच जाणार. मी दुसरा तंबू बघतो, याची नळीच हलकी होती. सहा जणांचा."

"आणि तीन दिवसांचे पोहे म्हणजे," आई म्हणाली, "मुलं किती आहेत एकूण? बावीस? तो विजेवरचा तवा घेऊ. आणि मी उत्तराच्याच तंबूत झोपीन. त्यांचे काय सर-बिर असले तरी आपलं आपण बघावं."

"सकाळी रोज बर्फ मोजायला लागेल. ते मी करीन."

उत्तराने आरशात बघितलं. दोघांचे गाल लाल झाले होते, नाकंही लाल होती, आणि दोघंही सहलीला निघालेल्या पोरांसारखे एकमेकांच्या बोलण्यात बोलत होते. तिला एकदम इतकं प्रेम आलं की तिने गाडीचा वेग कमी केला. मग तिने इंडिकेटर दिला, नीट दोन्हीकडे पाहिलं, वळली आणि बोलायला लागली.

"आई, बाबा, ऐका. विस्कॉन्सिनला मी जाणार आहे. तुम्ही दोघं घरी राहणार आहात, ओल्सन सरांना मी तसं सांगून आलेय. आणि घाबरायचं काही कारण नाही, ते तीन दिवस शरयूकाकू रोज संध्याकाळी येऊन बघून जातील, तुम्ही दोघं ठीक आहात ना ते. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय."